रोलिंग रिलीजवर मोठा डेस्कटॉप अपग्रेड: केव्हा घ्यावा, कसा घ्यावा आणि मागे कसे फिरावे

पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले हे सांगलीत सगळेच विचारतात; पण ज्यांची दुकाने नदीकडच्या पेठांत आहेत ते त्याआधी कोयनेतून किती विसर्ग सोडला ते विचारतात. पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते, परंतु पाणी चाळिसावर आल्यानंतर माळ्यावर माल चढवायला निघालेल्या माणसाला उशीरच झालेला असतो. रोलिंग रिलीज, म्हणजे ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट येत राहणाऱ्या लिनक्सवर डेस्कटॉपची, म्हणजे खिडक्या, पॅनेल आणि मेनू दाखवणाऱ्या भागाची, मोठी आवृत्ती येते तेव्हाही नेमके असेच घडते. ती आपल्या यंत्रावर अचानक येत नाही. वरच्या अंगाला आठवडेच्या आठवडे तिची हालचाल दिसत असते आणि पाहणाऱ्याला ती पाहता येते.

माझ्या मामांचा सांगलीत लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हळद-बेदाण्याच्या खोक्यांची लेबले हे तिथले मुख्य काम. तिथल्या दोन यंत्रांची आणि माझ्या घरच्या लॅपटॉपची देखभाल मी करतो. लॅपटॉपवर आणि छापखान्यातल्या एका यंत्रावर आर्च लिनक्स आहे, दुसऱ्यावर ओपनसुसे टम्बलवीड; दोन्ही रोलिंग डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच. धंद्याच्या यंत्रावर रोलिंग डिस्ट्रो कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. ज्याला नवे हार्डवेअर चालवायचे नाही आणि नव्या आवृत्त्यांची हौसही नाही, त्याने साधारण दोन वर्षांनी नवी स्थिर आवृत्ती देणारे डेबियन घ्यावे. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेली त्याची तेरावी आवृत्ती पुढची काही वर्षे शांतपणे चालेल. पुढचे विवेचन ज्यांनी रोलिंगचीच निवड केली आहे आणि तरीही सोमवारी सकाळी यंत्र चालू हवे आहे, त्यांच्यासाठी आहे.

डेस्कटॉप एकटा मागे ठेवता येत नाही

बहुतेकांना पहिली युक्ती सुचते ती अशी, की बाकी सर्व अपडेट घ्यावेत आणि डेस्कटॉप तेवढा जुनाच ठेवावा. आर्चवर पॅकेजे, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, बसवणाऱ्या पॅकमनच्या सेटिंगमध्ये दुर्लक्षित पॅकेजांची यादी देता येते, टम्बलवीडच्या झिपरमध्ये पॅकेजला कुलूप लावता येते, त्यामुळे ही युक्ती शक्य आहे असे वाटते. ती फसते, आणि का फसते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट करता येणार नाही.

रोलिंग भांडारातील, म्हणजे पॅकेजे जिथून उतरतात त्या साठ्यातील, प्रत्येक पॅकेज त्याच दिवशीच्या इतर पॅकेजांशी जुळवून बांधलेले असते. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपचे उदाहरण घ्या. खिडक्या सांभाळणारा क्विन हा भाग क्यूटी या लायब्ररीच्या (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा सामायिक भागाच्या) अंतर्गत, म्हणजे पुढच्या आवृत्तीत जशाच्या तशा राहतील अशी हमी नसलेल्या रचनांवर उभा आहे. म्हणून क्यूटीची आवृत्ती पुढे गेली की क्विन पुन्हा बांधावा लागतो, आणि भांडारात तो बांधूनच येतो. आपण क्विन अडवला आणि क्यूटी आत येऊ दिले, तर लॉगिननंतर काळा पडदा दिसण्याची पुरी तजवीज आपणच केलेली असते. पॅकेजांची यादी ताजी करून एखादेच पॅकेज बसवणे, म्हणजे पॅकमनला एस-वाय सांगून पुढचा यू विसरणे, हाही याच चुकीचा दुसरा अवतार होय. अर्धवट अपडेटला आर्चचा आधार नाही हे त्यांच्या विकीवर स्पष्ट लिहिलेले आहे. ज्यावर दुसरे काही अवलंबून नाही असा एखादा सुटा प्रोग्रॅम दोन-चार दिवस अडवून ठेवण्यास हरकत नाही. लायब्ररी मात्र कधीही अडवू नये.

यातून निघणारा निष्कर्ष असा, की मागे थांबायचे असेल तर सगळ्यानेच थांबायचे आणि पुढे जायचे असेल तर सगळ्यानेच जायचे. आपल्या हातात खरी निवड उरते ती तारखेची.

तारीख कशी ठरवावी

प्लाझ्माच्या बाबतीत तारीख ठरवणे सोपे आहे, कारण त्यांच्या दुरुस्ती-आवृत्त्या ठरावीक चालीने येतात. पहिली दुरुस्ती एका आठवड्याने, दुसरी आणखी एका आठवड्याने, मग दोन, तीन आणि पाच आठवड्यांनी; गणिताची आवड असणाऱ्यांना ही फिबोनाचीची मालिका लगेच ओळखू येईल. प्लाझ्मा ६.० हे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आले, त्यानंतर ६.०.१ हे ६ मार्चला, ६.०.२ हे १२ मार्चला, ६.०.३ हे २६ मार्चला, ६.०.४ हे १६ एप्रिलला आणि ६.०.५ हे २१ मे रोजी. माझा परिपाठ असा, की लॅपटॉपवर पहिल्या दुरुस्तीबरोबर जावे आणि छापखान्यात दुसरी किंवा तिसरी येईपर्यंत थांबावे. त्यानंतर थांबण्यात फारसा लाभ नाही, कारण तोवर सापडायच्या मोठ्या चुका बहुधा सापडलेल्या असतात आणि न घेतलेल्या अपडेटांचा ढीग वाढत जातो.

ग्नोम हा दुसरा मोठा डेस्कटॉप दर वर्षी मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतो. तिथे मुख्य गोची एक्स्टेन्शनांची, म्हणजे ग्नोमला वरून जोडायच्या पूरक तुकड्यांची, असते. प्रत्येक एक्स्टेन्शन आपण कोणत्या ग्नोमवर चालतो हे स्वतःच जाहीर करते आणि त्या यादीत नवी आवृत्ती नसेल तर ते चालू होत नाही. सप्टेंबर २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये एक्स्टेन्शने लिहिण्याची पद्धतच बदलली, तेव्हा जुनी सगळीच एक्स्टेन्शने पुन्हा जुळवून घ्यावी लागली. ज्यांच्यावाचून आपले अडते अशा दोन-तीन एक्स्टेन्शनांच्या पानावर नव्या आवृत्तीचा आकडा दिसेपर्यंत ग्नोमवाल्यांनी थांबावे. दहा-बारा एक्स्टेन्शनांवाचून अडत असेल, तर ग्नोम आपल्याला मुळात आवडतो का याचाच विचार करावा.

थांबायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे, तर आर्चवर जुन्या भांडारांचे तारीखवार संग्रहालय आहे. आरशांच्या, म्हणजे पॅकेजे देणाऱ्या सर्व्हरांच्या, यादीत नेहमीच्या पत्त्याऐवजी त्या संग्रहालयातील एका विशिष्ट दिवसाचा पत्ता लिहिला, की आपले यंत्र त्या दिवशी गोठते आणि त्यातली सर्व पॅकेजे एकमेकांशी जुळलेलीच राहतात. टम्बलवीडवर प्रत्येक प्रकाशनाला तारखेचाच क्रमांक असतो आणि ते ओपनक्यूएच्या स्वयंचलित चाचण्यांतून बाहेर पडते, त्यामुळे झिपरची डप ही आज्ञा देईपर्यंत तुम्ही आपोआप एका तपासलेल्या तारखेवरच उभे असता. ज्यांना कायमच सावकाश चालायचे आहे त्यांच्यासाठी ओपनसुसेचीच स्लोरोल ही धीमी धार आहे. मांजारोची स्थिर शाखाही आर्चची पॅकेजे थोडी रोखून मग पुढे सोडते.

गोठवण्याला किंमत आहे. त्या काळात ब्राउझरच्या सुरक्षा दुरुस्त्याही थांबतात, म्हणून छापखान्यातल्या यंत्रावर ब्राउझर फ्लॅटपॅकमधून, म्हणजे प्रणालीच्या भांडारापेक्षा वेगळ्या वाटेने, घेतलेला आहे आणि तीन आठवड्यांपलीकडे मी गोठवत नाही. याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण द्यायला हवे. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या संकोचन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत लपवलेले चोरदार उघडकीस आले. त्या आवृत्त्या ताजा माल घेणाऱ्या रोलिंग डिस्ट्रोंत पोचल्या होत्या, स्थिर डेबियनमध्ये पोचल्या नव्हत्या. सर्वांत नवे म्हणजे सर्वांत सुरक्षित, हे समीकरण त्या दिवसापासून मी मनातून काढून टाकले आहे.

तारीख ठरवताना इथल्या हवेचाही विचार करावा. मे महिन्यात दुपारी चारनंतर वळीव येतो आणि वीज जाते. अशा वेळी पॅकेजे लिहिली जात असताना यंत्र बंद पडले तर निम्म्या फाइली शून्य आकाराच्या सापडतात. यूपीएस असला तरी मी मोठा अपग्रेड सकाळीच करतो, आणि पुढे किमान एक मोकळा दिवस असेल तेव्हाच करतो. लग्नसराईत तर मुळीच करत नाही.

परतीची वाट, आणि ती कुठे तुटते

बीटीआरएफएस या फाइल-प्रणालीवर स्नॅपर हे स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेणारे साधन वापरणे ही आजची सर्वांत सोयीची परतीची वाट आहे. टम्बलवीडमध्ये ती पहिल्यापासून जोडलेली असते: झिपर प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट घेतो, आणि बिघाड झालाच तर बूटच्या यादीतून जुना स्नॅपशॉट निवडून, तो नीट चालतो हे पाहून, स्नॅपरची रोलबॅक आज्ञा द्यायची असते. आर्चवर हेच काम स्नॅप-पॅक आणि ग्रब-बीटीआरएफएस ही दोन पॅकेजे बसवून जमवावे लागते.

या वाटेत तीन खड्डे आहेत आणि तिन्ही मी पाहिलेले आहेत. पहिला खड्डा बूटचा. आर्चवर बूटची डिरेक्टरी बरेचदा डिस्कच्या वेगळ्या विभाजनावर असते, आणि ते स्नॅपशॉटमध्ये येत नाही. मग मूळ प्रणाली मागे जाते पण कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नवाच राहतो, त्याला हवी असलेली मॉड्यूल्स (हार्डवेअर चालवणारे तुकडे) जुन्या प्रणालीत नसतात, आणि यंत्र सुरू झाले तरी वायफाय सापडत नाही. अशी मांडणी असेल तर मोठ्या अपग्रेडआधी बूट विभाजनाची प्रत मूळ विभाजनावर काढून ठेवावी, म्हणजे ती स्नॅपशॉटमध्ये आपोआप येते.

दुसरा खड्डा होम डिरेक्टरीचा, आणि डेस्कटॉपच्या बाबतीत हाच सर्वांत महत्त्वाचा. प्रणालीबरोबर आपली कागदपत्रे मागे जाऊ नयेत म्हणून होम मुद्दाम स्नॅपशॉटबाहेर ठेवलेले असते, ते योग्यच आहे. परंतु डेस्कटॉपच्या सेटिंगही तिथेच असतात. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू झाली की ती या सेटिंग आपल्या पद्धतीने बदलून घेते, आणि नंतर प्रणाली मागे नेली की जुना डेस्कटॉप या बदललेल्या फाइली वाचून गोंधळतो. फायरफॉक्सने तर आवृत्ती ६७ पासून नव्या आवृत्तीने वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडणेच बंद केले आहे. बुकमार्क गेले म्हणून घाबरलेल्या माणसाला ते दुसऱ्या प्रोफाइलमध्ये सुखरूप आहेत हे समजावताना पुष्कळ वेळ जातो. यावर उपाय साधा आहे. अपग्रेडआधी लॉगआउट करून होममधील कॉन्फिग नावाची लपलेली डिरेक्टरी आणि ब्राउझरचे प्रोफाइल यांची तारीख घातलेली प्रत काढावी.

तिसरा खड्डा समजुतीचा. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, म्हणून तो बॅकअप नव्हे. पत्रिकांच्या मूळ फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर असल्याच पाहिजेत, आणि अपग्रेड चालू असताना ती डिस्क यंत्रापासून काढलेली असली पाहिजे.

परतीच्या वाटेबरोबर बाजूची वाटही ठेवावी. आर्चवर नेहमीच्या कर्नलबरोबर दीर्घकाळ आधार मिळणारा एलटीएस कर्नल बसवून ठेवावा, आणि मुख्य डेस्कटॉप प्लाझ्मा किंवा ग्नोम असला तरी एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉपही बसवून ठेवावा. ४.१८ ही त्याची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये. इतक्या संथ चालीच्या डेस्कटॉपवर निदान पावती छापून गिऱ्हाईक वाटेला लावता येते.

प्रत्यक्ष दिवस

आदल्या रात्री मी फक्त डाउनलोड करून ठेवतो. पॅकमनला डब्ल्यू हा पर्याय दिला की पॅकेजे उतरतात पण बसत नाहीत. मात्र त्यामुळे पॅकेजांची यादी ताजी झालेली असते, म्हणून मधल्या वेळेत दुसरे कोणतेही पॅकेज एकटे बसवायचे नाही. सकाळी चहाच्या आधी डिस्ट्रोच्या मुखपृष्ठावरील सूचना वाचायच्या. ही पाच मिनिटे चुकवल्याचे मोल मी एकदा पुरते मोजले आहे, ते पुढे सांगतो. जून २०२५ मध्ये आर्चने अशाच एका सूचनेत लिहिले होते, की प्लाझ्मा ६.४ पासून एक्स११ चे, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवण्याच्या जुन्या पद्धतीचे, सत्र आपोआप मिळणार नाही, हवे असेल तर त्याचे पॅकेज वेगळे बसवा. त्याच महिन्यात लिनक्स-फर्मवेअरचे पॅकेज आधी काढून मग नव्याने बसवण्याची सूचनाही आली होती. डिसेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या ५९० या ड्रायव्हरने पास्कल पिढीची, म्हणजे जीटीएक्स १०५० किंवा १०६० सारखी, कार्डे वगळली, आणि त्या कार्डवाल्यांना ५८० च्या जुन्या शाखेकडे स्वतः वळावे लागले. सूचना न वाचता पुढे गेलेल्या अशा माणसाला ग्राफिकल पडदा दिसत नाही, आणि त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

मोठा अपग्रेड डेस्कटॉपच्या आतल्या टर्मिनलवरून करू नये. अपग्रेड चालू असताना डेस्कटॉप कोसळला, तर त्याच्याबरोबर टर्मिनल जाते आणि टर्मिनलबरोबर अर्धवट राहिलेला व्यवहारही. लॉगआउट करावे, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून अक्षरी कन्सोलवर जावे आणि तिथून संपूर्ण अपग्रेडची आज्ञा द्यावी. काम संपल्यावर संदेश वर सरकून नाहीसे होण्याआधी इशारे वाचावेत, पॅकन्यू शेवटाच्या (नव्या सेटिंगच्या) फाइली पॅकडिफने जुळवून घ्याव्यात, आणि मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. आर्चवर कर्नल बदलला की जुन्या कर्नलची मॉड्यूल्स डिस्कवरून जातात. रीबूट न करता कामाला बसलात तर अर्ध्या तासाने गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येते आणि यंत्र तो ओळखत नाही. छापखान्यात दिवसाला पंधरा पेन ड्राइव्ह येतात, त्यामुळे हा धडा आम्हाला लवकर मिळाला.

वीज गेलीच, तर घाबरून वारंवार बटण दाबू नये. लाइव्ह यूएसबीने यंत्र सुरू करावे, मूळ विभाजन आणि बूट विभाजन जोडावे, आर्च-क्रूटने डिस्कवरच्या प्रणालीत जावे, पॅकमनच्या डेटाबेसजवळ राहिलेली कुलूप-फाइल काढावी आणि तोच अपग्रेड पुन्हा चालवावा. असा यूएसबी आमच्याकडे रोख रकमेच्या ड्रॉवरमध्ये असतो.

मराठी उमटते का, हे आधी पाहावे

अपग्रेडनंतर वॉलपेपर आणि आयकॉन पाहण्याची घाई सगळ्यांना असते. मी आधी एक फाइल उघडतो. तिच्यात 'दऱ्या' आणि 'दर्या', 'कुऱ्हाड', 'ज्ञानेश्वर', 'लक्ष्मी', 'शृंखला' हे शब्द आणि '₹ १,२३,४५०' हा आकडा आहे. हे सर्व हाताने पुन्हा टाइप करतो, पीडीएफ काढतो आणि छापतो. अर्ध्या र ची दोन्ही रूपे वेगळी उमटली, ल आणि श मराठी वळणाचे आले, आणि टाइप करताना अक्षर एका कळीने मागे राहिले नाही, तर डेस्कटॉप कामास योग्य झाला असे मी मानतो.

या फाइलीमागे एक शनिवार आहे. सोमवारी द्यायच्या पत्रिकांचा मजकूर अर्धा झाला होता, आणि मी बोलता बोलता अपग्रेड सोडून दिला. सूचना वाचल्या नव्हत्या. डेस्कटॉप छान उघडला. मामा कीबोर्डवर बसले आणि दोन मिनिटांनी म्हणाले, "आरं, इंग्रजी उमटतंय की झोकात, मराठी कुठं गेलं?" चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती सापडायला रात्रीचे अकरा वाजले.

झाले होते ते असे. सत्र एक्स११ वरून वेलँड या नव्या पद्धतीवर गेले होते, आणि वेलँडवर टायपिंगचे साधन प्रोग्रॅमपर्यंत वेगळ्या वाटेने पोचते. एक्स११ च्या काळात आयबस या टायपिंगच्या साधनासाठी जीटीके आणि क्यूटी या लायब्रऱ्यांची जी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स मी लिहून ठेवली होती, ती आता काढायला हवी होती, आणि प्लाझ्माच्या सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली व्हर्च्युअल कीबोर्ड या सदरात 'आयबस वेलँड' निवडायला हवे होते. भौतिक कीबोर्डवर टाइप करणारा माणूस व्हर्च्युअल कीबोर्डच्या सदरात कशाला जाईल, हा माझा आक्षेप अजून कायम आहे, पण जागा तीच आहे. जे इनस्क्रिप्टवर टाइप करतात त्यांना यातून सुटण्याची सोपी वाट आहे: कीबोर्डच्या मांडण्यांत मराठी इनस्क्रिप्ट थेट जोडावी, ती आयबसवर मुळीच अवलंबून नसते, त्यामुळे कोणत्याही सत्रात चालते. अडचण खरी येते ती उच्चारानुसार रोमन कळांनी लिहिणाऱ्यांना.

वेलँडकडे जाणे टाळता येईल असे आता समजू नये. ग्नोम ४९ मध्ये एक्स११ चे सत्र मुळातच बंद करून दिलेले आहे, आणि प्लाझ्मा ६.८ पासून केवळ वेलँड राहील असे केडीईने जाहीर केले आहे. जुने एक्स११ प्रोग्रॅम एक्सवेलँड या जोड-साधनातून चालत राहतील. ज्यांनी अजून बदल केलेला नाही त्यांनी तो डेस्कटॉपच्या मोठ्या अपग्रेडबरोबर न करता, आधीच्या एखाद्या शांत आठवड्यात, लॉगिनच्या पडद्यावर सत्र बदलून करून पाहावा, म्हणजे बिघाड झाला तर तो कोणत्या बदलामुळे हे कळते.

बिघाड प्रणालीचा की आपल्या जुन्या सेटिंगचा, हे ओळखायची युक्ती म्हणून प्रत्येक यंत्रावर 'चाचणी' नावाचे एक रिकामे वापरकर्ता खाते ठेवलेले आहे. नव्या आवृत्तीत पॅनेल दिसत नसेल तर त्या खात्यात लॉगिन करून पाहावे. तिथे सर्व ठीक असेल तर दोष सेटिंगचा, आणि त्यासाठी स्नॅपशॉटने मागे जाण्याची गरज नाही. प्लाझ्मा ५ ते ६ च्या वेळी जुने विजेट आणि थीम काढून टाकल्या की बरीच यंत्रे शुद्धीवर आली. तिथेही बिघाड असेल तर मागे फिरावे, आणि मागे फिरल्यावर त्या दिवसाची तारीख गोठवून ठेवावी, नाहीतर दुसऱ्या दिवशीचा नेहमीचा अपडेट पुन्हा तिथेच नेऊन सोडतो.

दोन आठवडे सुरळीत गेले की अपग्रेडआधीचा स्नॅपशॉट पुसावा. बीटीआरएफएसवर जुने स्नॅपशॉट हळूहळू जागा खातात, आणि फाइल मॅनेजरमध्ये दिसणारा मोकळ्या जागेचा आकडा त्या बाबतीत विश्वासाचा नसतो. बीटीआरएफएसचीच युसेज आज्ञा देऊन आकडा पाहावा. कॉन्फिगची तारीख घातलेली प्रत मात्र मी पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत ठेवतो, कारण मामांना एखाद्या पॅनेलवर पूर्वी काय कुठे होते ते तीन महिन्यांनी आठवते.